बहिष्कार ‘पडला’ की ‘घातला’? शाळेच्या भिंतीवर चित्र काढण्याआधी

आपला प्रश्न वाचल्यावर मी दोन दिवस थांबले, कारण आपली तळमळ खरी आहे हे दिसत होते आणि माझ्या उत्तराने आपल्या उत्साहावर पाणी पडेल अशी भीती वाटत होती. तरीही जे अनुभवाने कळले आहे ते मोकळेपणाने सांगणेच योग्य ठरेल.

आपण लिहिले आहे ते थोडक्यात असे. १९९८ साली पोळ्याच्या दिवशी वस्तीतली बैलजोडी तोरणाखालून जाऊ द्यायची की नाही यावरून आपल्या गावात वाद झाला आणि त्यानंतर जवळपास चार महिने दलित वस्तीवर बहिष्कार होता. दुकानात किराणा मिळत नव्हता, शेतावरची मजुरी बंद होती आणि पिठाची गिरणी वस्तीचे दळण घेत नव्हती. आपण तेव्हा सहावीत होता आणि आपले घर बहिष्कार घालणाऱ्यांपैकी होते. आज आपण त्याच गावच्या शाळेत शिक्षक आहात. शाळेच्या लांब भिंतीवर दोन्हीकडच्या तरुणांनी मिळून २६ जानेवारीच्या आत एक मोठे चित्र काढावे आणि त्यातून मने जुळावीत, असे आपल्याला वाटते. सरपंच ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ असे म्हणत रंगाचा खर्च द्यायला तयार आहेत. वस्तीतली वडीलधारी माणसे मात्र ‘काढा की’ एवढेच म्हणतात आणि बैठकीला येत नाहीत. त्यांना सहभागी कसे करून घ्यावे, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते अडचण सहभागाची नाही. चित्राचा अर्थ आधीच ठरलेला आहे आणि वस्तीला त्यात फक्त रंग भरायला बोलावले आहे, ही खरी अडचण आहे. समेट झाला आहे असे दाखवणारे चित्र काढायचे ठरले, पण कशाबद्दल समेट, कोणी कोणाचे काय केले होते, हे गावात अजून एकदाही मोठ्याने बोलले गेलेले नाही. अशा वेळी ‘काढा की’ या दोन शब्दांना मी उदासीनता समजणार नाही. ते पूर्ण उत्तर आहे. तुमची भिंत, तुमचा रंग, तुमचे चित्र. आमचा त्यात संबंध काय, असा त्याचा अर्थ आहे.

हे मी ठामपणे सांगू शकते, कारण ही चूक माझ्या हातून झाली आहे. मी गेली बावीस वर्षे, मुख्यतः मराठवाड्यात, बायकांच्या गटांबरोबर गोधडीतून गावाच्या आठवणी शिवण्याचे काम करते. सुरुवातीच्या काळात एका गावी, दोन गटांत दगडफेक होऊन दीड वर्ष उलटल्यावर, आम्ही समाजमंदिराच्या भिंतीवर एकमेकांत गुंफलेल्या हातांचे चित्र काढले होते. रंगसंगती सुरेख होती आणि मुलांनी मन लावून काम केले होते. उद्घाटनाच्या दिवशी, जिचे घर त्या दगडफेकीत फुटले होते ती बाई भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली आणि तिने मला विचारले, “ताई, ह्यातला दगड मारलेला हात कंचा?” माझ्याकडे उत्तर नव्हते. ती पुन्हा आमच्या कुठल्याही कार्यक्रमाला आली नाही. ते चित्र तिच्या घराविषयी होते आणि तिला न विचारता त्यातून तिचे घर वगळले गेले होते.

आता शीर्षकातल्या शब्दांविषयी. अशा घटनेबद्दल गावात बोलताना क्रियापदे कशी वापरली जातात ते नीट ऐका. ‘त्या साली बहिष्कार पडला होता’, असे गावातली माणसे म्हणतात. पाऊस पडावा, दुष्काळ पडावा, तसा तो पडतो. ‘तेव्हा जरा वातावरण तापलं होतं’, ‘गैरसमज झाले होते’ ही त्याचीच भावंडे. या वाक्यांत करणारा कोणीच नसतो. वस्तीत मात्र ‘बहिष्कार घातला’ असेच म्हणतात, आणि ‘घातला’ म्हटले की ‘कोणी?’ हा प्रश्न लगेच उभा राहतो. माणसांनी मिळून केलेल्या कलेची या कामात मला जी मोठी मदत वाटते ती इथे आहे. बोलताना कर्ता गाळता येतो, पण कापडावर गाळता येत नाही. दुकानाचे दार बंद होताना दाखवायचे असेल तर ते बंद करणारा हात शिवावाच लागतो. त्या हाताला कोणते कापड वापरायचे, बाही कोणत्या रंगाची, हातात कडे होते का, याची चर्चा सुरू होते आणि त्या चर्चेतच वीस-पंचवीस वर्षे न बोललेले बाहेर येते.

हा काही माझा शोध नव्हे. चिलीमध्ये ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सत्ता बळकावली आणि पुढे हजारो माणसांना उचलून नेले गेले. त्यांच्या आया, बायका आणि बहिणी चर्चच्या आधाराने एकत्र बसू लागल्या आणि गोणपाटावर चिंध्या टाचून चित्रे करू लागल्या. गोणपाटाला तिकडे ‘आर्पियेरा’ म्हणतात, तेच त्या चित्रांचे नाव झाले. ही चित्रे पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती लहान मुलांच्या पुस्तकातली वाटतात. वरच्या बाजूला अँडीज पर्वत, त्यावर सूर्य, खाली रंगीबेरंगी घरे. मग नजर खाली येते, तेव्हा दारात उभी पोलिसांची गाडी दिसते, एका सामाईक पातेल्याभोवती जमलेली उपाशी वस्ती दिसते, आणि हातात फलक घेतलेल्या बायका दिसतात, ज्यावर एवढेच असते: ‘ते कुठे आहेत?’ कधीकधी चित्रावर टाचलेल्या छोट्या बाहुल्यांचे कपडे हरवलेल्या माणसाच्याच सदऱ्यातून कापलेले असत. चर्चच्या मदतीने ही चित्रे परदेशात विकली जात, त्यातून घरे चालत, आणि बातमीही देशाबाहेर जाई. सरकारच्या बाजूच्या वृत्तपत्रांनी त्यांना देशाची बदनामी म्हटले.

या उदाहरणात मला क्रम महत्त्वाचा वाटतो. चिलीत सत्यशोधन आयोग नेमला गेला तो १९९० साली, लोकशाही परतल्यावर. त्याने १९९१ मध्ये २,२७९ जणांचा मृत्यू किंवा बेपत्ता होणे नोंदवले, आणि राष्ट्राध्यक्ष एल्विन यांनी दूरदर्शनवरून देशाच्या वतीने क्षमा मागितली. छळ सोसून जिवंत राहिलेल्यांची दखल घेणारा दुसरा अहवाल यायला २००४ उजाडले. गोणपाटावरच्या चिंध्या मात्र १९७४ पासून बोलत होत्या. त्या बायकांना कोणी समेटासाठी बसवले नव्हते. त्यांनी आधी घडलेले सांगितले. क्षमा मागण्याचा प्रश्न खूप नंतर आला, आणि तो समोरच्या बाजूने यायचा होता.

आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण ओघात लिहून गेला आहात: गिरणीने दळण नाकारले तेव्हा वस्तीतल्या बायकांनी अडगळीत टाकलेली जाती पुन्हा बाहेर काढली. मला विचाराल तर आपले चित्र तिथे आहे. पोळ्याचा वाद, तोरण, पंचांची बैठक हे सगळे वस्तीतले पुरुष सांगतील, आणि तेही खरेच असेल. पण चार महिने काय झाले ते जात्यापाशी बसलेल्या बाईला माहीत आहे. पहाटे किती वाजता उठावे लागे, कोणाचे जाते कोणाकडे गेले, तान्ह्या मुलाच्या दुधाचे काय केले, हे तीच सांगेल. वर्णभेदी राजवटीतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि समेट आयोगासमोर १९९६ पासून साक्षी सुरू झाल्या, तेव्हा असे दिसून आले की बायका येतात, पण नवऱ्याविषयी आणि मुलांविषयी बोलतात आणि स्वतःवर काय गुदरले ते गिळून टाकतात. म्हणून आयोगाला बायकांसाठी खास सुनावण्या घ्याव्या लागल्या. आयोगापर्यंत कधीच न पोहोचलेल्या क्वाझुलू-नाताळमधल्या बायकांनी पुढे लहान लहान कापडांवर भरतकाम करून आपापल्या आयुष्यातला एकेक दिवस मांडला. कोणाला विचारले जाते यावर कोणते सत्य हाती लागते ते ठरते.

शिवणकामाने तोंड का उघडते, याचे माझे निरीक्षण साधे आहे. समोरासमोर बसवून ‘सांगा’ म्हटले की बाई पदर सावरते आणि गप्प होते. हातात सुई असली की नजर कापडावर राहते, बोलणे कोणाला उद्देशून नसते, मध्ये थांबले तरी कोणाला अवघडल्यासारखे होत नाही, कारण टाके चालू असतात. जात्यावर हेच होत असे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांत सासरचा जाच, जातीचा काच, आंबेडकरांवरची माया हे सगळे आहे, आणि ते कोणाच्या तोंडावर न सांगता दळता दळता सांगितलेले आहे. आपल्याकडे सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांनी हेच काम चौकात, मोठ्या आवाजात केले. म्हणजे अन्याय झालेल्या बाजूने कलेतून सत्य सांगणे ही गोष्ट आपल्या मातीला नवी नाही. गावाने बसून ते ऐकणे मात्र नवे ठरेल.

यावर आपण म्हणाल की मग भिंत सोडून गोधडीच करावी का. ते परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि कशाकशावर ते मी प्रामाणिकपणे सांगते. त्या वेळचे पुढारी आज सत्तेत असतील, वस्तीतली निम्मी घरे अजून त्यांच्याच शेतावर मजुरीला जात असतील, तर भिंतीवरचे चित्र ही वस्तीसाठी जोखीम आहे. भिंत रात्रीतून पुसली जाते आणि तिच्यासमोर कोण उभे होते हे सगळ्यांना दिसते. गोधडी घडी करून पेटीत ठेवता येते, दाखवायची की नाही हे रोज नव्याने ठरवता येते. न्यायालयात प्रकरण चालू असेल तर काम सुरू करण्याआधी वकिलाशी बोलायलाच हवे. त्या चार महिन्यांत औषधावाचून किंवा मारहाणीत कोणाचा जीव गेला असेल, तर त्या घराच्या संमतीशिवाय एक टाकाही घालू नये. आणि वस्तीतल्या बायका ‘नको’ म्हणाल्या तर विषय तिथे संपतो. माझ्या अनुभवात असे दोनदा झाले आहे आणि दोन्ही वेळा त्यांचे बरोबर होते.

आता एक काम जरा जवळून दाखवते, म्हणजे मी काय सुचवते आहे ते स्पष्ट होईल. साधारण आपल्यासारखाच प्रसंग घडलेल्या एका गावात वस्तीतल्या अकरा बायकांबरोबर आम्ही गोधडी शिवली. पहिले दोन महिने आम्ही चित्राविषयी बोललोच नाही. जुनी लुगडी धुतली, फाडली, अस्तर अंथरले, कडेने धावदोरा घालत आत येत राहिलो. तिसऱ्या महिन्यात साठीच्या एका बाईने निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या शर्टाचा तुकडा आडवा लावला. ते दुकानाचे शटर होते, अर्धे खाली आलेले. त्याच्यापुढे तिने तपकिरी कापडाचा एक लहान पंजा टाचला आणि त्या पंजावर पन्नास पैशांचे खरे नाणे ठेवून बटणाच्या जाड दोऱ्याने आडवे-उभे बांधून टाकले. मी विचारले, नाणे कशाला? ती म्हणाली, “पैसं व्हतं. गाव म्हणतं, उधारी थकली म्हून माल दिला न्हाई. पैसं हातात व्हतं माज्या.” पंचवीस वर्षे गावात चाललेली एक गोष्ट त्या नाण्याने खोटी ठरवली. दगडफेकीच्या गावात मी काढलेल्या गुंफलेल्या हातांच्या चित्रात हे नाणे कधीच आले नसते.

कोलंबियातल्या माम्पुहान या गावच्या बायकांनीही गोधडीच निवडली, म्हणून ते गाव मला जवळचे वाटते. १० मार्च २००० च्या संध्याकाळी निमलष्करी टोळीने त्या गावातल्या माणसांना चौकात जमवले आणि गाव सोडण्याचा हुकूम दिला. दुसऱ्या दिवशी २४५ कुटुंबे घरदार टाकून निघाली. जवळच्या लास ब्रिसास भागात त्याच टोळीने शेतकऱ्यांना ठार मारले. काही वर्षांनी बाहेरून आलेल्या एका कार्यकर्तीने त्या बायकांना गोधडी शिकवली, तेव्हा आरंभ भौमितिक आकृत्यांनी झाला; पण त्यांचे मन लागले ते स्वतःची हकीकत शिवताना. पहिल्या मोठ्या गोधडीत त्यांनी तो निघण्याचा दिवस मांडला. डोक्यावर गाठोडी, कडेवर मुले, मागे रिकामी घरे. मग त्या थांबल्या नाहीत. आपले पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून कसे आणले गेले, तेही त्यांनी शिवले. २०१० साली त्या गावच्या प्रकरणात टोळीच्या दोन म्होरक्यांना शिक्षा झाली, तो तिथल्या विशेष न्याय कायद्याखालचा पहिला निकाल होता, आणि २०१५ मध्ये त्या बायकांना राष्ट्रीय शांतता पुरस्कार मिळाला. आपल्यासाठी यात एक सूचना आहे. १९९८ पासून सुरू झालेले कापड १९९८ वर थांबेलच असे नाही. येसकराची, म्हणजे गावची राखण करणाऱ्या महाराची, काठी येईल, ओढून नेलेले मेलेले जनावर येईल, पाण्यासाठी विहिरीवर ताटकळलेली आजी येईल. ‘विषय सोडून चाललंय’ असे तेव्हा म्हणू नका. वस्तीच्या दृष्टीने तो एकच विषय आहे.

नावांचे काय करायचे, हा प्रश्न येणारच. पेरूच्या राजधानीत ‘रडणारा डोळा’ नावाचे स्मारक २००५ साली उभारले गेले. मधोमध एक शिळा, जिच्यातून पाणी पाझरते, आणि भोवती चक्राकार वाटेवर हजारो गोटे, ज्यांवर अतिरेकी आणि सरकार यांच्यातल्या हिंसाचारात बळी गेलेल्यांची नावे लोकांनी हाताने लिहिली आहेत. उन्हाने अक्षरे उडतात आणि माणसे येऊन ती पुन्हा गिरवतात. तिथल्या सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये बळींचा अंदाज ६९,२८० दिला होता आणि त्यांतले सुमारे तीन-चतुर्थांश लोक केचुआ किंवा इतर स्थानिक भाषा बोलणारे होते. पुढे २००६ साली एका निकालानंतर लक्षात आले की तुरुंगात मारल्या गेलेल्या अतिरेकी संघटनेच्या कैद्यांची नावेही त्या गोट्यांवर आहेत. देशभर वाद पेटला आणि सप्टेंबर २००७ मध्ये स्मारकाची मोडतोड करून त्यावर नारिंगी रंग ओतला गेला. बळी कोणाला म्हणायचे, हा प्रश्न कलेने आपोआप सुटत नाही. उलट ती त्याला तोंड फोडते.

आपल्या गावात याचे रूप वेगळे असेल. कोणीतरी म्हणेल, आमच्याही घराला त्रास झाला. आम्ही रात्री चोरून वस्तीत पीठ पोहोचवले म्हणून गावाने आम्हाला दंड केला. अशी घरे असतात आणि त्यांची गोष्ट मोलाची आहे. पण ती गोधडीवर कुठे यावी, किती यावी, आणि यावी की नाही, हे वस्तीतल्या बायकांनी ठरवायचे आहे. नाहीतर पाहता पाहता सगळे कापड चांगुलपणाच्या कथांनी भरते आणि शटर ओढणारा हात नाहीसा होतो. बहिष्कार घालणाऱ्यांची नावे आम्ही कापडावर लिहीत नाही. त्यात कायद्याची काळजी आहे, शिवणाऱ्यांच्या सुरक्षेचीही आहे. शिवाय नाव लिहिले की बाकीचे सुटतात. नुसते शटर दिसले की प्रत्येक जण आपल्या घराचे दार आठवून पाहतो. मात्र कृती धूसर करायची नाही. गिरणी बंद ‘होती’ असे दाखवायचे नाही, पट्टा काढणारा माणूस दाखवायचा.

आता आपल्या स्वतःविषयी, कारण आपण दुसऱ्या बाजूच्या घरातले आहात हे आपण लपवले नाही, आणि त्याबद्दल मला आदर वाटतो. आपले काम वस्तीत नाही, आपल्या आळीत आहे. आपल्या वडिलांना, चुलत्यांना, त्या वेळच्या गिरणीवाल्याला विचारा की बैठकीत नेमके काय ठरले, कोणी मांडले, कोण गप्प बसले, आपल्या घराने काय केले. ते लिहून काढा. पहिली काही वर्षे ते कोणाला दाखवले नाही तरी चालेल. हे लिखाण घेऊन लगेच वस्तीत जाऊ नका आणि ‘मला अपराधी वाटते’ हे त्यांना ऐकवू नका. आपले मन हलके करण्याचे ओझे त्यांच्यावर येते. दक्षिण आफ्रिकेच्या त्याच आयोगाकडे माफीसाठी अर्ज करणाऱ्याला पश्चात्ताप दाखवण्याची अट नव्हती, केलेले सगळे पूर्णपणे उघड करण्याची अट होती. ७,११२ अर्जांपैकी ८४९ जणांनाच माफी मिळाली. त्या व्यवस्थेवर बळींच्या कुटुंबांनी कडक टीका केली आहे आणि ती रास्त आहे. तरीही गावपातळीवर मला त्यातली एक गोष्ट उपयोगी वाटते: आधी काय केले ते सांगा, वाईट वाटल्याचे नंतर.

व्यवहाराच्या काही बाबी थोडक्यात सांगते. वस्तीतल्या बायका मजुरी बुडवून बसणार असतील तर त्यांना दिवसाची मजुरी द्या. सरपंचांचे रंगाचे पैसे तिकडे वळवता आले तर उत्तम, पण पैसे देणाऱ्याला कापडावर काय असावे हे सांगता येणार नाही, हे आधीच लेखी ठरवा. सहा महिन्यांच्या आत काही पुरे होईल अशी अपेक्षा नको. काम चालू असताना ‘शिवणे थांबवा, नाहीतर कामावर घेणार नाही’ अशी धमकी कोणी दिली, तर आज कायदा स्पष्ट आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक वा आर्थिक बहिष्कार घालणे आणि त्याची धमकी देणे हा गुन्हा ठरला आहे, आणि महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा स्वतंत्र कायदाही आहे. ही माहिती बायकांना पहिल्याच बैठकीत द्या. आणि गोधडी कोणाची, हे सुरुवातीलाच ठरवा. ती शाळेची नाही, संस्थेची नाही, आपली नाही. कॅनडात घरच्यांपासून तोडून निवासी शाळांत ठेवलेल्या आदिवासी मुलांच्या स्मृतीत शेकडो वस्तूंचे ‘साक्षीचे पांघरूण’ नावाचे शिल्प झाले, तेव्हा २०१९ मध्ये कलाकार आणि संग्रहालयाने करार करून हक्क स्वतः त्या पांघरुणालाच दिले, दोघे केवळ त्याचे राखणदार झाले. आपल्याला इतके करायची गरज नाही. पेटीची किल्ली वस्तीत राहिली की पुरे.

नाण्याच्या गोधडीचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. ती पहिल्यांदा बाहेर अंथरली तेव्हा गावातून सात-आठ माणसेच आली, आणि त्या वेळचे पुढारी आले नाहीत, ते आजही आलेले नाहीत. पण दुकानदाराची सून आली. ती नाण्यापाशी बराच वेळ बसली. पंधरा दिवसांनी ती परत आली ती लाल कापडाचा एक तुकडा घेऊन. सासऱ्यांची उधारीची वही ज्या बासनात बांधलेली असे त्यातला. हा गोधडीत लावाल का, असे तिने विचारले. बायकांनी तो घेतला नाही आणि परतही केला नाही. दोन महिने तो तुकडा पेटीवर नुसता ठेवलेला होता. मग एके दिवशी त्यांनी गोधडी उलटी केली आणि तो नाण्याच्या बरोबर मागे, अस्तराला शिवला. पुढच्या बाजूला का नाही, असे मी विचारले नाही. दरवर्षी पावसाळा संपला की गोधडी उन्हात घालतात, आणि उलटी केली की तो लाल चौकोन दिसतो.

म्हणून माझा सल्ला असा की २६ जानेवारीची मुदत सोडून द्या. भिंतीला तूर्त चुना लावून ठेवा आणि सरपंचांना सांगा की चित्र पुढे बघू. वस्तीत जाण्याआधी तिथल्या एखाद्या बाईकडून, शक्यतो आपल्या शाळेतल्या मदतनीस किंवा अंगणवाडीताईंमार्फत, यावे का असे विचारून घ्या. गेलात तर वही आणि मोबाइल घरी ठेवा. बहिष्काराविषयी विचारू नका. जाते अजून आहे का, एवढेच विचारा, आणि ते दाखवायला कोणी उठलेच तर मागोमाग जाऊन खाली बसा. दळणाच्या आठवणीत एखादी ओवी निघाली, तर ती लिहून घेण्याआधी ‘लिहू का’ असे विचारा.